आपलं पीक चिंधी : आधी तंतू ओळखू, मग मशीनचं ठरवू

(राहनाळ येथे ग्रामसंघाच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी पूर्ण मजकूर देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा.)



आजच्या विषयपत्रिकेवर तिसरा विषय आहे मशीनचा. केळीच्या खोडापासून तंतू काढायचं मशीन. दोन गटांनी मिळून कर्ज काढायचं, मशीन घ्यायचं, आणि जो माल निघेल तो मशीन विकणारेच परत विकत घेतील, असं आपल्याला सांगितलंय. कागद सगळ्यांनी पाहिलेत. काही जणींना हे पटलंय, काही जणींच्या मनात शंका आहे. सही करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, मी नाही. पण सही करायच्या आधी हा धंदा काय आहे ते नीट समजून घेऊ या. मी आज तेवढंच सांगणार आहे.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करते. आपण भिवंडीच्या माणसं. खटखट ऐकतच आपण झोपतो आणि उठतो. बीम, कांडी, धोटा, ग्रे कापड हे शब्द इथल्या लहान पोरांनाही माहीत असतात. पण आपल्याकडे सगळं सुरू होतं ते सुतापासून. सूत बाहेरून येतं, मागावर चढतं, कापड होऊन बाहेर जातं. सुताच्या आधी काय असतं? तर तंतू. तंतू पिळला की सूत, सूत विणलं की कापड. आपल्या आज्या अंबाडीचा, घायपाताचा वाख काढून दोऱ्या वळायच्या. वाख म्हणजेच तंतू. म्हणजे विषय आपल्याला नवा नाही, फक्त नाव नवीन वाटतं.

तंतूची तीन घराणी

बाजारातलं बहुतेक कापड तीन घराण्यांतून येतं.

पहिलं घराणं कापसाचं. शेतात पिकतो. अंगाला बरा, घाम टिपतो, मातीत कुजतो. पण पिकवायला पाणी लागतं, फवारणी लागते, आणि विदर्भातल्या शेतकऱ्याचे हाल आपण बातम्यांत बघतोच.

दुसरं घराणं लाकडाच्या लगद्याचं. त्याला व्हिस्कोस किंवा रेयॉन म्हणतात. झाडाचा लगदा रसायनात विरघळवायचा आणि बारीक भोकांतून शेवयांसारखा बाहेर काढायचा. हे काही लांब कुठे होत नाही. आपल्या शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे, तिथे हाच धागा बनतो. मोहोन्याची एनआरसी म्हणजे नॅशनल रेयॉन, तीही याच धंद्यातली. ती २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकली. इथे बसलेल्या काही जणींच्या नात्यात ती माणसं असतील. व्हिस्कोस करताना कार्बन डायसल्फाइड नावाचं रसायन लागतं, ते विषारीही आहे आणि पटकन पेट घेणारंही.

तिसरं घराणं पॉलिस्टरचं. हे खनिज तेलापासून येतं. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टरचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. पॉलिस्टर स्वस्त, टिकाऊ, इस्त्रीची कटकट नाही. पण ते कुजत नाही. आणि धुताना त्याचे डोळ्याला न दिसणारे कण गटारातून खाडीत जातात. आपली खाडी कशी होती आणि आज कशी आहे, हे माझ्यापेक्षा इथल्या मावश्यांना जास्त माहीत आहे.

कापूस, लगदा आणि तेल, अशी ही तीन घराणी. आता जगभर प्रयत्न चाललाय की या तिघांचा त्रास कमी कसा करायचा. त्यालाच मोठ्या भाषेत शाश्वत तंतू म्हणतात. म्हणजे असा तंतू, जो करताना पाणी, जमीन आणि माणूस कमी खर्ची पडेल आणि वापरून झाल्यावर त्याचा उकिरडा होणार नाही.

नवीन काय चाललंय

चार गोष्टी सांगते.

एक, पाण्याच्या बाटल्या. त्या धुऊन, तुकडे करून, वितळवून त्याचा पॉलिस्टर धागा काढतात. बाटली आणि पॉलिस्टर हा एकच माल आहे, म्हणून हे जमतं. कचऱ्यात वेगळी काढलेली बाटली विकली जाते आणि बाकीचं प्लॅस्टिक पडून राहतं, त्याचं कारण हेच.

दोन, व्हिस्कोसमध्ये सुधारणा. लायोसेल नावाचा तंतू आहे, त्यात लगदा विरघळवायला वेगळं द्रावण वापरतात आणि जवळजवळ सगळं द्रावण पुन्हा गोळा करून पुन्हा वापरतात. शिवाय सुती कापडाच्या कतरणीचा लगदा करून तो लाकडाच्या लगद्यात मिसळायचं कामही आपल्या देशात सुरू झालंय. बिर्ला सेल्युलोजचा असा तंतू बाजारात आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

तीन, शेतातलं वाया जाणारं. मुंबईत माटुंग्याला सिरकॉट म्हणून सरकारी संस्था आहे, कापूस तंत्रज्ञानाची. १९२४ पासून ती काम करते. तिथे केळीच्या तंतूवर काम झालंय, मुळात रंगीत पिकणाऱ्या कापसावर काम झालंय, आणि कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती पऱ्हाटी, तिच्यापासून फळ्या करण्यावरही झालंय. वेंगुर्ल्याला तर महिलांची काथ्या कामगार सहकारी संस्था आहे. नारळाचं सोडण तिकडे मुबलक, त्यापासून दोऱ्या, पायपुसणी, रोपांसाठी भुसा असा माल होतो.

चार, जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत. हरयाणात पानिपतला हा मोठा धंदा आहे. जुने कपडे रंगाप्रमाणे वेगळे करतात, मशीनवर पिंजतात, पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या चादरी-ब्लँकेट होतात. रंग आधीच वेगळा केलेला असल्यामुळे पुन्हा रंगवायची गरज कमी पडते. म्हणजे पाणी वाचलं, रंग वाचला.

केळीचं मशीन राहनाळला चालेल का?

आता मूळ विषयावर येते. केळीचा तंतू चांगला आहे, त्यात खोटं काही नाही. केळ एकदाच घड देते, मग खोड कापून टाकावं लागतं. त्या खोडाच्या सोपटातून मजबूत, चमकदार वाख निघतो. पण मावशी, केळीचं खोड कापलं की काय गळतं? पाणी. खोड म्हणजे बहुतेक पाणीच. शंभर किलो खोडातून कोरडा तंतू साधारण किलोभर निघतो, कधी त्याहूनही कमी.

हिशेब करा. रोज दहा किलो तंतू काढायचा तर रोज साधारण एक टन खोड हवं. एक टन म्हणजे छोट्या टेम्पोची पूर्ण खेप. आणि खोड साठवून ठेवता येत नाही, ते सडतं. ही खेप राहनाळला रोज कुठून आणणार? आपल्याकडे शेतं किती उरली आणि गोडाऊन किती झाली, हे मी सांगायला नको. वसईला केळीच्या वाड्या आहेत, जळगावला तर रावेर-यावलकडे केळीच केळी. तिथल्या बायकांनी असं मशीन शेताच्या बांधावर लावलं तर त्याला अर्थ आहे, कारण खोड तिथेच पडलेलं असतं. आपण मात्र पाणी वाहून आणायचं भाडं भरणार.

वेंगुर्ल्याच्या बायकांनी काथ्या निवडला, कारण सोडण त्यांच्या दारात होतं. मग आपल्या दारात काय आहे? चिंधी! मागाच्या कडेची दोरी, ग्रे कापडाचे फाटे, शिलाई कारखान्याची कतरण. जळगावचं पीक केळी, वेंगुर्ल्याचं पीक नारळ, तसं आपलं पीक चिंधी. पाऊस पडो न पडो, रोज पिकतं.

मग चिंधीला भाव का नाही?

कारण ती मिसळलेली असते. सुती, पॉलिस्टर, व्हिस्कोस, पांढरी, रंगीत, तेलाचे डाग लागलेली, सगळी एकाच गोणीत. मघाशी सांगितलं ना, लगदा करणाऱ्याला फक्त सुती लागते, पिंजणाऱ्याला एका रंगाची लागते. मिसळलेली गोणी घेतली तर त्याला आधी निवडायला माणूस लावावा लागतो, म्हणून तो भाव पाडतो. निवडायचं काम आपण केलं तर तो फरक आपल्याला मिळू शकतो. पण त्यासाठी तंतू ओळखता यायला हवा. हे शिकायला कर्ज लागत नाही.

ओळखायची रीत सांगते, लिहून घ्या.

कापडाचा एक धागा काढा. चिमट्यात धरा. खाली पाण्याचं ताट ठेवा. मोकळ्या जागेत जाळून बघा.

सुती आणि व्हिस्कोस कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ राखाडी राख उरते.

पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर येतो आणि कडक मणी उरतो.

लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो.

राखही उरली आणि मणीही उरला, तर समजायचं की मिश्र कापड आहे.

आता सुती आणि व्हिस्कोस सारखंच जळतं, मग त्यातला फरक कसा ओळखायचा? धाग्याचा मधला भाग ओला करा आणि दोन्हीकडून ओढा. व्हिस्कोस ओल्या जागी पटकन तुटतं. सुती धागा ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो.

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. ही परीक्षा गोडाऊनमध्ये, चिंधीच्या ढिगाजवळ, किंवा घरात गॅसजवळ पदर सोडून करायची नाही. भिवंडीत गोडाऊनला आग लागली की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अंगणात, पाणी जवळ ठेवून, आणि फक्त एक धागा. निवडताना तोंडाला रुमाल बांधा. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर दम लागायचा आजार होतो. आपल्याला पैसा हवा, पण तो फुफ्फुसं विकून नको.

तुकडा, मग चिंधी, मग तंतू

दुसरी गोष्ट. कापड पिंजलं की तंतू तुटतो, आखूड होतो. आखूड तंतूचं सूत जाडंभरडं निघतं, म्हणून त्यात नवा तंतू मिसळावा लागतो. म्हणजे कापड पिंजणं हा शेवटचा उपाय. जो तुकडा पिशवी होण्याइतका मोठा आहे, तो पिंजायला देऊ नका, त्याची पिशवी करा. त्याहून लहान तुकडा गोधडीला लावा. त्याहून लहान पट्टी पायपुसण्याला. आणि जी उरली ती निवडून विका. आपल्या घरात साडीचं असंच होतं. आधी साडी, मग गोधडी, मग पोतेरं. क्रम तोच, फक्त आता तो हिशेबाने करायचा.

वस्तू करताना चार गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, ग्रे कापडाला खळ असते. ती तशीच ठेवून पायपुसणं केलं तर ते पाणी टिपत नाही आणि पहिल्या धुण्यात आक्रसतं. गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून कापड धुवा, वाळवा, मगच कापा.

दुसरी, रंग. ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर तो तुकडा पांढऱ्याबरोबर वापरायचा नाही.

तिसरी, ज्या पिशवीला दुकानात 'कापडी' म्हणतात ती सगळी कापडी नसते. ती विणलेली दिसत नाही, दाबून चिकटवल्यासारखी दिसते, ती नॉन-वोव्हन. ते प्लॅस्टिकच आहे, पॉलिप्रॉपिलीन. जाळली तर वितळते. २०१८ च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीत तीही होती. केंद्राच्या नियमानुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून अशी पिशवी ६० जीएसएमपेक्षा पातळ चालत नाही. शिलाईची ऑर्डर आली की आधी माल कोणता आहे ते विचारा. आपण 'पर्यावरणपूरक' म्हणून प्लॅस्टिक विकायचं, हे आपल्या नावाला शोभणार नाही.

चौथी, सॅनिटरी पॅड. काही जणींनी विचारलं की चिंधीचे पॅड करू का. नको. पॅडसाठी सरकारचं मानक आहे, आयएस ५४०५. स्वच्छता, तपासणी, शोषण, सगळं त्यात येतं. कारखान्याच्या जमिनीवर पडलेल्या चिंधीचा पॅड आपल्याच बहिणीला आजारी पाडेल.

आपली मेहनत फुकट धरू नका

आता हिशेब. आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत, आपले खरे आकडे आपण गटात भरू.

धरा, एका पायपुसण्याला बारा रुपयांची चिंधी, तीन रुपयांचा दोरा, पाच रुपये ने-आण. झाले वीस. विकलं साठला. आपण म्हणतो, चाळीस सुटले! पण ते करायला दोन तास लागले असतील, तर तासाला वीस रुपये पडले. आता तीच चिंधी रंगाप्रमाणे निवडली, धुतली, दोन रंगांत नीट नक्षी केली. वीस मिनिटं जास्त लागली, पण नव्वदला विकलं. सुटले सत्तर. म्हणजे तासाला तीस. मशीन तेच, चिंधी तीच. वाढलं ते निवडीमुळे.

प्रत्येक वस्तूचा हिशेब 'नगाला किती सुटले' असा लिहू नका, 'तासाला किती सुटले' असा लिहा. कांडी भरण्यात, धुणीभांड्यात तासाला जे मिळतं त्यापेक्षा कमी सुटत असेल, तर ती वस्तू बदला. आपला वेळ हा कच्चा मालच आहे आणि तो सगळ्यात महाग आहे.

नवीन वस्तू एकदम शंभर करू नका. पाच करा. दोन घरात वापरा, महिनाभर धुवा, तुडवा. तीन ओळखीच्या नसलेल्या गिऱ्हाईकाला विका. ओळखीची माणसं 'छान आहे' म्हणतात, पण पुन्हा घेत नाहीत. अनोळखी माणूस पुन्हा आला, तर समजा वस्तू चालली. त्यानंतर सरसच्या प्रदर्शनाचं बघू.

मशीनवाल्यांना विचारायचे प्रश्न

केळीचं असो, पिंजायचं असो की आणखी कुठलं, 'माल आम्हीच परत घेऊ' असं कुणी म्हणालं की हे पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लेखी घ्यायची.

माल किती दिवस, किती किलो आणि कुठल्या भावाने घेणार?

'दर्जा बसला नाही' म्हणून परत केला, तर दर्जा कोण ठरवणार आणि कशाने मोजणार?

हे मशीन आज चालवणारा दुसरा गट कुठे आहे? आम्हाला तिथे जाऊन त्या बायकांशी, तुमच्याशिवाय, बोलायचंय.

मशीन बिघडलं तर किती दिवसांत दुरुस्ती, वीज किती खाणार, सुटा भाग कुठे मिळणार?

तुम्ही माल घेणं थांबवलंत, तर हाच माल दुसरा कोण घेतो?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तो धंदा आपला नाही, त्यांचा आहे. त्यांची कमाई मशीन विकण्यात झालेली असते. कर्जाचा हप्ता मात्र आपल्या नावावर राहतो, आणि एका गटाचा हप्ता थकला की पूर्ण ग्रामसंघाची पत जाते. पत कमवायला आपल्याला किती वर्षं लागली ते आठवा. पाच-दहा रुपयांच्या बचतीपासून सुरुवात केली होती आपण.

मी मशीनच्या विरोधात नाही. उद्या निवडलेल्या चिंधीचा माल इतका वाढला की हाताने पुरेना, तर मशीन घेऊच. तेव्हा कर्जाचा अर्ज भरायला मी स्वतः तुमच्याबरोबर बँकेत येईन. पण आधी काम, मग मशीन.

म्हणून माझी सूचना अशी. मशीनचा निर्णय पुढच्या सभेपर्यंत थांबवावा. या महिन्यात प्रत्येक गटाने तीन कामं करावी. एक, आपापल्या गल्लीत कुठल्या कारखान्यात कुठली चिंधी निघते आणि आज ती कोण उचलतं, याची यादी. चिंधी उचलणारी माणसंही गरिबच आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलून काय जमतं ते बघायचं. दोन, एक गोणी आणून जाळून-ओढून ओळखायची, निवडायची आणि वजन करायचं. किती सुती, किती पॉलिस्टर, किती मिश्र, ते वहीत लिहायचं. तीन, पाच नग करून त्यांचा तासाचा हिशेब.

पुढच्या सभेत वह्या घेऊन या. मशीनवाल्यांनाही त्याच दिवशी बोलावू, आणि पाच प्रश्न अध्यक्ष ताई सगळ्यांसमोर विचारतील. मग हात वर करून मतदान करू. ज्यांचा मशीनला होकार आहे त्यांनीही आपला हिशेब मांडावा, आपण तो मनापासून ऐकू.

एवढं बोलून थांबते. आता चहा येतोय, पण त्याआधी ज्यांना शंका आहेत त्यांनी विचारा. मागे बसलेल्या वहिनींनीही.